मुलाला दाखवायचं कुठे आणि दुसऱ्यांदा जायचं कसं: नागपूरकर पालकांसाठी

नागपुरात मुलांच्या मानसिक त्रासासाठी काही सोयच नाही, असं पालक मला नेहमी सांगतात. सोय आहे. त्यातली बरीचशी सरकारी आहे आणि केस पेपरच्या किरकोळ पैशात होते. अडतं ते पुढे. लोक एकदा जातात, रांगेत अर्धा दिवस घालवतात, चिठ्ठी घेऊन घरी येतात आणि परत तिकडे फिरकत नाहीत. मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केल्यापासून पारडी, कळमना, वाठोडा या भागातल्या कुटुंबांसोबत काम करते. मूल सुधारलं की नाही हे पहिला डॉक्टर कोण होता यावर फार कमी ठरतं, दुसरी-तिसरी-चौथी भेट झाली का यावर जास्त ठरतं, हे मी घराघरांत पाहिलं आहे. म्हणून खाली जे सांगते आहे त्यात माझा सगळा जोर त्या पुढच्या भेटींवर आहे.

कधी न्यायचं

दोन वर्षांच्या आतल्या लेकराबद्दल घरात एकच वाक्य ऐकू येतं, "याचा बापही उशिरा बोलला." बोलला असेल. तरीही वर्षाचं झालेलं मूल नावाने हाक मारली तर वळून पाहत नसेल, सोळा महिन्यांत एकही शब्द नसेल, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. आधी येत असलेले शब्द किंवा हसणं गेलं असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. सगळ्यात आधी कानांची तपासणी करून घ्या, कारण ऐकू न येणारं मूल आणि स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल घरच्यांना वरवर सारखंच दिसू शकतं.

शाळेच्या वयात खुणा अंगावर दिसतात. रोज सकाळी पोटात दुखणं, डोकं दुखणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, खेळायला न जाणं, मार्क एकदम घसरणं. किशोरवयात चिडचिड, रात्र-रात्र जागणं, जेवण तुटणं, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालणं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. साठ पोरांच्या वर्गात साधारण चार. तेव्हा "आमच्याच घरी का" म्हणून तोंड लपवायचं कारण नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ टिकलं आणि शाळा, झोप, जेवण किंवा दोस्ती यांतलं काही बिघडलं, तर न्यायचं. एवढी मोजपट्टी पुरे.

कुठे न्यायचं

घरातून निघणं जमत नसेल तर आधी फोन करा. टेलीमानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. पालकही करू शकतात, पोरंही करू शकतात. तुमच्या जवळ कुठे दाखवायचं हेही तिथून विचारून घ्या.

लहान मुलांसाठी अंगणवाडी आणि शाळा हे दोन दरवाजे लोक विसरतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं, त्यात वाढीतला उशीरही बघतात. पथक कधी येणार हे अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला हमखास पाठवा. पथकाने पुढे पाठवायची चिठ्ठी दिली की मोठ्या दवाखान्यात कुठे जायचं हा प्रश्न अर्धा सुटतो. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत 'मैत्री क्लिनिक' चालतं. तिथे पाळी, वयात येणं, व्यसन, ताण, सगळ्यावर बोलता येतं. ज्या पोरीला मनोविकार विभागाच्या दारात उभं राहायची लाज वाटते, ती मैत्रीच्या दारात सहज जाते. माझा कल अशा वेळी तिकडेच असतो.

मोठ्या दवाखान्यांत मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), दोन्हीकडे मनोविकृतीशास्त्र विभाग आहे. पारडीकडच्यांना मेयो सोयीचं. प्रजापती नगरहून मेट्रोत बसायचं, दोसर वैश्य चौकात उतरायचं. दक्षिण नागपूर, हुडकेश्वर, मानेवाडा इथल्यांना मेडिकल. मिहानमधल्या एम्सलाही मनोविकार विभाग आहे, खापरी-बुटीबोरीकडच्यांना ते जवळ पडतं. आणि कोराडी रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. ते १८६४ पासूनचं आहे आणि त्याचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं हात झटकतात, "लेकराले तिथं नेता काय!" तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. पण घरात त्यावरून भांडण होणार असेल तर सरळ मेडिकल-मेयोला जा. पहिली लढाई दवाखान्याच्या नावावर लढण्यात अर्थ नाही.

"ठेवून घेतील" ही भीती मात्र काढून टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अल्पवयीन मुलाला भरती करण्याचे नियम फार कडक आहेत. पालकांचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने पूर्ण वेळ सोबत राहायचं असतं. मुळात दहातल्या दहा वेळा गोष्ट ओपीडीवरच भागते असं नाही म्हणणार मी, पण बहुतेक वेळा भागते.

जाण्याआधी एक पान लिहा

हे सगळ्यात महत्त्वाचं. ओपीडीत डॉक्टरांच्या वाट्याला एका कुटुंबासाठी थोडी मिनिटं येतात. त्यात आई रडते, बाप "काही नाही जी, लाडाने बिघडला" म्हणतो, मूल टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसतं आणि वेळ संपते. म्हणून दोन आठवडे रोज दोन ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या पोरीकडून लिहून घ्या. काय झालं तेवढंच लिहा, का झालं ते लिहू नका.

चौथीतल्या एका मुलाच्या आईने आणलेलं पान मला अजून पाठ आहे. बाजाराच्या हिशोबाच्या वहीतलं, एका बाजूला कांदे-बटाट्याचे भाव:

"सोम. ६ ला उठला. चहा-पोळी खाल्ली. शाळेत गेला. मंगळ. पोट दुखलं, उलटी नाही. ९ वाजता खेळायला गेला. बुध. शाळेत गेला, सरांनी उभं केलं म्हणे. गुरु. पोट दुखलं. शुक्र. गेला. शनि. पोट दुखलं, शाळा सुटायच्या वेळी बरा. रवि. दिवसभर क्रिकेट."

घरी सगळे म्हणत होते, "नाटक करून राहिला." डॉक्टरांनी पान वाचून एकच विचारलं, मंगळवार, गुरुवार, शनिवारी शाळेत काय असतं? मुलानेच सांगितलं: त्या दिवशी मराठीचा धडा एकेकाला उभं करून मोठ्याने वाचायला लावतात. मग डॉक्टरांनी त्याच्यासमोर पुस्तक ठेवलं. तो चित्र पाहून गोष्ट फर्डी सांगत होता, अक्षरावर बोट ठेवलं की गप्प. पुढे चाचण्या झाल्या आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं न जमणं, निघाली. पोटाची औषधं त्याने वर्षभर खाल्ली होती. ते पान नसतं तर सातवी-आठवीपर्यंत खात राहिला असता.

पानाच्या मागच्या बाजूला हे लिहा: बाळंतपणात काही अडचण, जन्मल्यावर रडायला उशीर, झटके, डोक्याला मार, कधी बसला-चालला-बोलला, घरात कोणाला मिरगी, मानसिक आजार किंवा दारूचं व्यसन, आणि आजवर दिलेली सगळी औषधं. वैदूची पुडी असली तरी ती सोबत न्या. शाळेतून वर्गशिक्षकांचं चार ओळींचं पत्र घ्या. अतिचंचलतेचं (एडीएचडी) निदान करताना त्रास घरी आणि शाळेत अशा दोन्हीकडे दिसतो का हे डॉक्टरांना बघावंच लागतं. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे उन्हाळ्यात तपासणी करायची असेल तर पत्र सुट्टी लागण्याआधी हातात पाहिजे. मे महिन्यात गुरुजी गावाला गेलेले असतात आणि तपासणी तिथेच अडते.

त्या दिवशी

मुलाला खोटं सांगून नेऊ नका. "आइस्क्रीम खायला जाऊ" म्हणून नेलेलं मूल पुढच्या वेळी रिक्षात बसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सांगायचं, "तुझं पोट दुखतं, रात्री झोप येत नाही, त्याबद्दल बोलायला चाललो. तिथे सुई नसते." पोटभर नाश्ता देऊन न्या, डबा आणि पाणी सोबत ठेवा. बुद्ध्यांकाची चाचणी असेल त्या दिवशी तर उपाशी, झोपमोड झालेलं मूल नेणं म्हणजे चाचणी वाया घालवणं.

शक्य तेवढं आई आणि वडील दोघांनी जा. रोजी बुडते, मला ठाऊक आहे. दर वेळी नाही, पहिल्या दोन भेटींना तरी. बापाने डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आणि आईने घरी येऊन सांगितलेलं यात फार फरक पडतो. घरात आजीचा शब्द चालत असेल तर आजीला न्या.

मोठ्या मुलांशी डॉक्टर एकट्याने बोलतील, तुम्हाला बाहेर बसवतील. बाहेर बसा. आत काय बोलला हे घरी जाऊन उकरू नका. जिवाला धोका असेल तर डॉक्टर तुम्हाला सांगतातच. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने डॉक्टरांना, शिक्षकांना, मलाही ती पोलिसांना कळवावीच लागते. हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे ऐन वेळी "आम्हाला न विचारता का कळवलं" असा राग येणार नाही. मुलावर कुठेही अन्याय, मारहाण होत असेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

उठण्याआधी चार गोष्टी विचारा आणि तिथेच लिहून घ्या: तुम्हाला काय वाटतं आहे, हे औषध कशासाठी आणि गुण यायला किती दिवस, काय दिसलं तर लगेच यायचं, पुढची तारीख आणि वार. मुलांसाठी वेगळा वार आहे का, समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ कोणत्या खोलीत बसतात, हेही त्याच दमात.

दुसरी भेट

लोक का सुटतात याची कारणं माझ्या वहीत भरलेली आहेत आणि ती फिरून फिरून तीच आहेत.

गुण आला म्हणून सुटतात. उदासीच्या, चिंतेच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. मग मूल हसायला लागतं आणि गोळी बंद होते. असं एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. पहिल्या काही आठवड्यांत मुलाकडे जास्त लक्ष ठेवा. बेचैनी, मरणाचं बोलणं वाढलं तर तारखेची वाट न बघता जा.

गुण आला नाही म्हणूनही सुटतात. "महिना झाला, तसंच आहे." बोलण्याचे, वागणुकीचे उपचार गोळीसारखे काम करत नाहीत. तिथे थेरपिस्ट शिकवतात आणि घरी रोज तुम्हाला करायचं असतं. स्वमग्न मुलासाठी आठवड्यातला एक तास केंद्रावर आणि उरलेला आठवडा तुमच्या अंगणात. मी आयांना सांगते, वेगळा वेळ काढू नका, भाजी निवडताना, आंघोळ घालताना तेच करा. मोबाइल मात्र बाजूला. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन वर्षांच्या आत तर नकोच.

औषध मिळालं नाही म्हणून सुटतात. अतिचंचलतेसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. ते कडक यादीतलं औषध आहे, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो. त्यामुळे चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना विचारा, हे कुठे मिळेल आणि संपायच्या किती आधी येऊ.

डॉक्टर बदलला म्हणून सुटतात. सरकारी महाविद्यालयात निवासी डॉक्टर शिकायला आलेले असतात, बदलतच राहतात. याला इलाज एकच, फाइल. प्लास्टिकची, चेनवाली. सगळ्यात वर तुमचं पान, खाली सगळे केस पेपर तारखेने लावलेले. नवा डॉक्टर समोर आला की फाइल पुढे करायची, म्हणजे सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

आणि घरातल्या विरोधामुळे सुटतात. ताजबागला जायचं आहे, कोराडीच्या देवीला जायचं आहे, जरूर जा, मी कधी अडवलं नाही. गोळ्यांची डबी सोबत न्या. पण कोणी मुलाला बांधलं, मारलं, धुरी दिली, तर तो २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि तिथे गप्प बसायचं नाही.

यावर आमच्या वस्तीत एक गोष्ट कामाला आली: जोडीने जाणं. एकाच वारी दाखवायला जाणाऱ्या दोन-तीन आया ठरवून सोबत निघतात. एक नंबर लावते, दुसरी पोरं सांभाळते. ज्या बाईला एकटीने जायचं असतं ती तिसऱ्या खेपेला घरी राहते, जोडीवाली जाते. आशाताईला सांगितलं तर ती अशी जोडी लावून देते. महागडी सोय नाही ही, आणि मला विचाराल तर कोणत्याही नव्या इमारतीपेक्षा जास्त उपयोगाची.

आईचा वेगळा केस पेपर

मुलाला घेऊन आलेली आई स्वतः कित्येक महिने झोपलेली नसते. तिला विचारलं तर म्हणते, "माझं काय जी, त्याचं बघा." त्याच दिवशी, त्याच विभागात तिचाही केस पेपर काढा. आईची उदासी तशीच राहिली तर मुलाचे उपचार घरी करणार कोण? बापाची दारू असेल तर व्यसनाचे उपचारही मनोविकार विभागातच होतात. लहान भावंडाशी दिवसातून पंधरा मिनिटं एकट्याने बोला, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

जिवाचा प्रश्न असेल तेव्हा

मूल "मला जगायचं नाही" म्हणालं तर ओरडू नका, हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का? कसं करायचं ठरवलंस?" विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री एकटं झोपवू नका. फवारणीचं औषध, उंदराचं औषध, फिनाइल, आजोबांच्या गोळ्या, सगळं कुलपात किंवा घराबाहेर. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात हे आधीच करून ठेवा.

काही खाल्लं-प्यायलं असेल तर उलटी करवत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मेडिकल-मेयोच्या अपघात विभागात न्या, डबी किंवा बाटली सोबत घ्या. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या कायद्यातलं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. जीव वाचल्यावर मनोविकार विभागाला दाखवल्याशिवाय सुट्टी घेऊ नका.

शाळा आणि कागद

शाळेत भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत, पण शिक्षकाला पहिल्याच दिवशी कलम दाखवलं की तो आखडतो. आधी मागणी छोटी ठेवा: पुढच्या बाकावर बसवा, उभं करून वाचायला लावू नका, सूचना एका वेळी एकच द्या. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी असतात, मुख्याध्यापकांकडे त्यांची मागणी करा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता हे सगळे त्यात येतात. अध्ययन अक्षमतेची चाचणी साधारण आठव्या वर्षानंतर होते. प्रमाणपत्र सरकारी मंडळाचंच लागतं, खासगी केंद्राचा अहवाल बोर्डात चालत नाही, म्हणून पैसे भरण्याआधी विचारा. त्यावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीच्या वर्षात धावपळ करण्यापेक्षा आठवीत काढून ठेवा. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतं का ते आधी बघा, अर्ज तिथेच अडतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं.

मूल १८ वर्षांचं झालं की उपचारांची संमती कायद्याने त्याची स्वतःची होते. सतराव्या वर्षापासून भेटीच्या तारखा त्याच्याच हाताने लिहवून घ्या, गोळ्या त्यालाच मोजू द्या, आणि फाइलची एक झेरॉक्स प्रत त्याच्या नावाने वेगळी काढून ठेवा. पुण्याला कॉलेजसाठी गेला तर तीच तिथल्या डॉक्टरपुढे ठेवायची आहे.